गोल्फच्या माळावरचा सौजन्यप्रमुख

साहेब, तुम्ही धादांत खोटं बोललात! अख्ख्या तलवाड्यासमोर बोललात, की "या लोकांना सुरक्षा कळत नाही, आणि सौजन्य तर यांच्या गावावरूनसुद्धा गेलेलं नाही!"

तुमचं नाव इथं लिहीत नाही. भितो म्हणून नव्हे. भिण्याचं खातं आमच्या घरात कधी उघडलंच नाही. पण नाव लिहिलं, की तुम्ही लगेच म्हणाल, बघा, यांना सौजन्य नाही! म्हणून तेवढं एक नाव गिळतो आणि बाकीचं सगळं लिहितो. मी सातवी नापास. पुढचं शिक्षण भज्यांबरोबर घरी आलेल्या कागदांवर झालं. तेव्हा भाषा तेलकट वाटली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. झालं काय, ते ऐका आणि तुम्हीच ठरवा.

तलवाड्याबाहेर धोंडीराम अण्णांचा माळ आहे. कुसळं, दगड आणि बाभळी. अण्णा निवडणुकीच्या सभा तिथं घेतात, म्हणून त्या माळावर आजवर मतं तेवढी पिकली, दुसरं काही नाही. माळाच्या पलीकडं तलाव. आमच्या आज्यापणज्यांपासून आम्हा धनगरांची मेंढरं हा माळ ओलांडून पाण्यावर जातात. आणि एके दिवशी अण्णांनी तो माळ साहेबांना भाड्यानं दिला. कशासाठी? गोल्फसाठी!

साहेबांनी तारेचं कुंपण ठोकलं. एक फाटक गावाकडं, एक तलावाकडं, दोन्हींना कुलूप. होल खणली, होलांभोवती टँकरच्या पाण्यावर गवत वाढवलं. बाकी माळ होता तसाच. आणि आमची मेंढरं? ती डांबरी रस्त्यानं वळसा घालून पाण्यावर जाऊ लागली. रस्त्यावर उसाचे ट्रक. कधी कोणतं कोकरू चाकाखाली जाईल, नेम नाही. माझी म्हातारी चुलती केशरबाई संध्याकाळी मेंढरं घेऊन परत येईपर्यंत घरात कुणी ताटावर बसत नव्हतं.

मी साहेबांकडं गेलो. साहेब म्हणाले, "आश्रुबा, रविवारी विजयमाला मॅडम येणार आहेत. गोल्फमधलं मोठं नाव. इथं बाहेरचे खेळाडू बोलवायचे की नाही, ते त्या ठरवणार. कुणाला लागलं नाही, कुणी पाहुण्यांशी वावगं वागलं नाही, तर दोन्ही फाटकं सकाळ-संध्याकाळ मेंढ्यांना उघडी. काही घोटाळा झाला तर कुलूप कायमचं."

"साहेब, सोडा माझ्यावर!" मी छाती ठोकून म्हणालो. "हिरव्यागार फडाच्या कडंकडंनं मेंढरं नेतो मी, एका पानाला तोंड लावू देत न्हाई! तुमची दोन मानसं अन् एक बॉल सांभाळायचा म्हंजे काय लई मोठं काम हाय का?"

साहेबांनी मला तिथल्या तिथं सुरक्षा व सौजन्य प्रमुख केलं. पिवळं जाकीट दिलं, गावाकडच्या फाटकाची किल्ली दिली. जाकीट घालून घरी गेलो, तर आमची साखराबाई म्हणाली, "अंगणातली कोंबडी तुमच्या सांगण्यानं हलत न्हाई. गोल्फवाले हलणार का?"

बायकांना मोठ्या पदाची किंमत नसते!

फाटकावर साहेबांनी नियमांचा फलक लावला होता. मी तो पाठ केला. पहिला, फटका मारणाऱ्याच्या पुढे कोणीही उभे राहू नये. दुसरा, फटका मारताना पूर्ण शांतता पाळावी. तिसरा, चेंडू कोणाच्या दिशेने गेल्यास मोठ्याने ओरडून सावध करावे. चौथा, मागून येणारा गट वेगवान असल्यास त्यास वाट द्यावी. आणि शेवटचा, सर्वांशी सौजन्याने वागावे. चांगले नियम होते. वाईट एकच, की ते सगळे एकाच फलकावर होते. ते का, ते पुढं कळेल.

मी माझा साडू बंकट, केशरकाकू आणि आमची चार-दोन माणसं गोळा करून सराव घेतला. "मी ओरडलो, की खाली बसायचं अन् डोकं झाकायचं. समजलं?"

"समजलं!"

मी ओरडलो, "बॉल आला!"

सगळे ताठ उभे राहून वर बघू लागले.

"बसा की!"

"आला म्हनलास, मंग कुठून आला ते बघू न्हाई का?" बंकट म्हणाला.

केशरकाकूंचं म्हणणं वेगळं होतं. "मी खाली बसले, तर उठवायला दोघं लागत्यात रं. त्यापरीस बॉल परवडला."

रविवार उजाडला. विजयमाला मॅडम आल्या. साठीच्या, काटक, पांढरी टोपी, कापडी बूट. आल्या आल्या साहेबांनी त्यांना तलाव दाखवला, तिकडचं फाटक स्वतःच्या हातानं उघडून. येताना नुसती कडी लावली. हे लक्षात ठेवा.

शेवटच्या नियमाप्रमाणं मी आधी सौजन्याला हात घातला. नारळ दिला, शाल दिली, आणि टोपीवरूनच मॅडमना फेटा बांधला. फेटा बंकटनं बांधला. तो सहसा नवरदेवाला बांधतो, त्यामुळं तुरा जरा उंच आला. शेमला पाठीवर राहायचा तो वाऱ्यानं सारखा डोळ्यांवर यायचा. मॅडमनी काढू का म्हणून विचारलं, तर साहेबच म्हणाले, "राहू द्या, लोकांना वाईट वाटेल." म्हणजे सौजन्य त्यांनाही थोडं थोडं कळत होतं.

मॅडमनी लाकडी खुंटीवर बॉल ठेवला. काठी उचलली. मी हात वर केला. माळावर अशी शांतता पसरली, की मुंगीनं पाय आपटला असता तरी ऐकू आला असता! फक्त अण्णा खुर्चीत बसून फोनवर कुजबुजत होते, आणि अण्णांची कुजबुज म्हणजे माइक बंद झाल्यावरची सभा. मी त्यांच्याकडं बघून तोंडावर बोट ठेवलं.

"मी गप्पच हाय की!" अण्णा गरजले.

मॅडमनी काठी खाली घेतली. पुन्हा उचलली. तेवढ्यात केशरकाकू दोन पावलं पुढं आल्या.

"बाई, माहेर कुठलं तुमचं?"

मी कपाळावर हात मारला. पण मॅडमनी काठी खाली टेकवली आणि म्हणाल्या, "घाटनांदूर."

झालं! केशरकाकूंची मंगल घाटनांदूरलाच दिलेली. मग मंगलच्या सासूचं घर कोणत्या आळीत, तिच्या दारात चिंच अजून आहे का, चिंचेवरून भांडण झालं होतं ते मिटलं का, सगळं निघालं. साहेब एकदा घड्याळाकडं बघत, एकदा माझ्याकडं. शेवटी असा निकाल लागला, की मॅडम म्हणजे मंगलच्या जावेच्या भावकीतली लेक. म्हणजे पाहुणी राहिलीच नाही, माहेरवाशीण झाली!

इथंच घात झाला. पाहुण्याचा मान एकवेळ कमी-जास्त होईल. माहेरवाशिणीचा होत नाही.

मॅडमनी तिसऱ्यांदा काठी उचलली आणि असा फटका मारला, की बॉल सरळ रेषेत, पोपट उडावा तसा लांब गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. बंकट मात्र धोतर सावरत बॉलमागं पळत सुटला. बॉल उचलला, धोतराला पुसला, कपाळाला लावला आणि दोन्ही हातांनी मॅडमच्या पुढं धरला.

"घ्या ताई."

"अहो, तो तिथंच राहू द्यायचा असतो!"

"असं कसं? माहेरवाशिनीची वस्तू धुळीत पडू द्यायची, अन् आमी बघत उभं राहायचं?"

मॅडमनी परत मारला. बंकटनं परत आणला. मॅडम सांगत होत्या, आता राहू द्या. बंकट म्हणत होता, तुमी संकोच करू नका ताई, मला पळायची सवय हाय. बॉल तलवाड्याच्या माळावर जेवढा पुढं जात होता तेवढाच मागं येत होता.

साहेब माझ्या कानाशी येऊन फुसफुसले, "आश्रुबा! बॉलला कुणी हात लावायचा नाही!"

मी हुकूम सोडला. आणि वाचकहो, हुकूम अक्षरशः पाळला गेला. पुढचा बॉल पडला, त्याला कुणी बोटसुद्धा लावलं नाही. पण आम्हा मेंढरवाल्यांची एक रीत आहे. रानात कुणाची वस्तू पडलेली दिसली, तर ती उचलायची नाही, तिच्याभोवती दगडांचं कडं करायचं. म्हणजे धन्याला सापडते आणि कुणाचा पाय पडत नाही. मॅडमबरोबर साहेबही खेळत होते, तर बंकटनं दोघांच्याही बॉलांभोवती छान दगड रचले. मॅडमच्या बॉलाभोवती जरा मोठे, मान म्हणून.

मॅडमनी दगड बघितले, हसल्या, पायानं अलगद बाजूला सारले. साहेबांनी बघितलेच नाहीत. त्यांनी रागारागानं काठी फिरवली. खण्! काठी विळ्यासारखी वाकली.

"हे काय आहे?" साहेब किंचाळले.

"सुरक्षा," मी म्हणालो.

आता साहेबांच्या खेळाबद्दलही लिहिलं पाहिजे, कारण बाकी कुणी लिहिणार नाही. मॅडमचा बॉल जिकडं बघतील तिकडं जायचा. साहेबांचा बॉल साहेब जिकडं बघतील तिकडं सोडून सगळीकडं जायचा. डावीकडं, उजवीकडं, एकदा तर मागं अण्णांच्या खुर्चीखाली! आणि पहिला नियम काय? फटका मारणाऱ्याच्या पुढं उभं राहू नये. आम्ही नियमाप्रमाणं बाजूला उभे, आणि सगळे बॉल आमच्यावर!

बंकटनं थोडा वेळ विचार केला आणि सरळ साहेबांच्या समोर जाऊन उभा राहिला.

"अबे बंकट, मरशील! बाजूला हो!" मी ओरडलो.

"बाजूला कावून? आजच्या दिसात त्यांचा बॉल एकदा तरी हिकडं आला का बे?"

आमची सगळी माणसं एकेक करून बंकटच्या मागं जाऊन उभी राहिली. मी प्रमुख असल्यामुळं बाजूलाच राहिलो आणि पोटरीवर एक बॉल खाल्ला. तिथं अजून निळं आहे.

एव्हाना ऊन चढलं. गावाकडच्या फाटकाशी केशरकाकूंची मेंढरं तहानेनं ओरडू लागली. दुसऱ्या नियमाचा बट्ट्याबोळ! मॅडमनी काठी उचलली, की नेमकं एखादं कोकरू आईला हाक मारायचं. काकू माझ्याकडं बघत होत्या. मग फाटकाच्या कुलपाकडं बघत होत्या. त्यांनी बोललेलं परवडतं.

मी फलकापाशी गेलो आणि चौथा नियम पुन्हा वाचला. मागून येणारा गट वेगवान असल्यास त्यास वाट द्यावी. आमची मेंढरं मागून येणार होती का? होती. गट होता का? चांगला दोनशेचा होता! आणि साहेबांच्या खेळापुढं वेगवान कोण नव्हतं? गोगलगायसुद्धा होती! माझ्याकडं किल्ली होती. मी फाटक उघडलं.

सगळ्यात पुढं वजीर. वजीर म्हणजे आमच्या कळपाचा एडका, शिंगं दोन वेढ्यांची, चाल फौजदाराची. तो चालेल तिकडं कळप चालतो, तो थांबला की कळप थांबतो. त्याच्यामागून मेंढरं माळावर आली.

"थांबा!" मी दोन्ही हात पसरून ओरडलो. "मागचा गट आला! वाट द्या!"

"अहो, गट म्हणजे खेळाडूंचा!" साहेब ओरडले.

"फलकावर तसं लिहिलेलं न्हाई साहेब!"

मॅडम गवतावर, होलापासून हातभर अंतरावर होत्या. त्यांनी फलकाकडं बघितलं, वजीरकडं बघितलं आणि फेट्याला हात लावून म्हणाल्या, "नियम बरोबर आहे. जाऊ द्या त्यांना. ते कडेनं जातील, तोवर मी माझा बॉल हळूच ढकलते." आणि त्या वाकल्या.

सगळं किती छान चाललं होतं! कळप कडेनं निघाला होता, मॅडम वाकल्या होत्या. साहेबांनी गप्प उभं राहावं की नाही? पण लोकांनी मेंढरांसाठी आपल्याला थांबवलं, हा राग! त्यांनी ती वाकडी काठी फिरवली. वाकड्या काठीचा वाकडा बॉल, गेला सरळ कळपाकडं!

साहेबांनी ओरडायला तोंड उघडलं. तिसरा नियम, मान्य. पण त्याच क्षणी मॅडमची काठी बॉलाला टेकत होती, आणि दुसरा नियम काय? पूर्ण शांतता! दिवसभरात दुसरा नियम एकदाही पाळला गेला नव्हता. निदान शेवटचा फटका तरी शांततेत जावा, म्हणून मी झेप घेतली आणि साहेबांच्या उघड्या तोंडावर तळहात दाबला.

साहेबांच्या तोंडातून फक्त "म्म्म्" एवढं आलं.

ठक्!

बॉल वजीरच्या शिंगावर बसला. वजीर थांबला. कळप थांबला. वजीरनं मान वळवून सगळ्यांकडं एकेक करून बघितलं. हजेरी घेतल्यासारखं. आम्हा सगळ्यांचे हात रिकामे. मॅडमची काठी खाली टेकलेली. साहेबांची तेवढी वर!

साहेब पळाले.

"पळू नका साहेब!" बंकट ओरडला. "तो पळणाऱ्याच्याच मागं लागतो!"

साहेब आणखी जोरात पळाले. त्यांच्यामागं वजीर, वजीरच्या मागं दोनशे मेंढरं, मेंढरांमागं "वजीऽऽर, थांब रं बाबा!" करत केशरकाकू, आणि सगळ्यात मागं पिवळ्या जाकिटात मी. टँकरच्या पाण्यावर वाढवलेलं ते गवत मधेच होतं. मधेच होतं, एवढंच लिहितो. आता नाही.

तलावाकडच्या फाटकाला नुसती कडी, हे मी सांगितलंच आहे. साहेबांनी स्वतःच्या हातानं कडी काढली, बाहेर पडले, समोर पाणी! मागं वजीर! साहेब बुटांसकट गुडघाभर पाण्यात.

वजीरनं काठावर येऊन त्यांच्याकडं एकदा बघितलं, मान खाली घातली आणि शांतपणे पाणी प्यायला लागला. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला मेंढरांची रांग लागली. साहेबांना बाहेर यायला जागाच उरली नाही. ते पाण्यात उभे, वाकडी काठी डोक्यावर धरून. जरा इकडंतिकडं करायला लागले, तर बंकट काठावरून म्हणाला, "साहेब, हलू नका ना! पानी गढूळ होतंय!"

शेवटचं कोकरू पिऊन होईपर्यंत साहेब हलले नाहीत. तेवढं सौजन्य त्यांनी दाखवलं, हे मी मोकळ्या मनानं मान्य करतो.

इकडं मॅडम गवतावर बसून हसत होत्या. फेटा कानावर आला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांचा तो शेवटचा बॉल होलात गेला होता म्हणे, पण बघायला कुणी नव्हतं. केशरकाकू परत आल्या, त्यांनी वाकून होलात बघितलं, हात घातला.

"अगं बाई, भोकात पडलाय की हा! घे, काढला मी."

साहेब बूट हातात घेऊन वर आले आणि तेव्हा बोलले ते वाक्य. सुरक्षा कळत नाही, सौजन्य गावावरून गेलेलं नाही. शिवाय माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "याने माझं तोंड दाबलं! कुलूप कायमचं!"

मॅडम उठल्या, कपडे झटकले. "इतकी वर्षं खेळते आहे," त्या म्हणाल्या, "पण इतकं सौजन्य कुठं बघितलं नाही. खेळता तेवढं आलं नाही. लागलं कुणाला?"

"फक्त वजीरला," मी म्हणालो. पोटरीचं बोललो नाही. मी प्रमुख!

"बॉल कुणाचा होता?"

सगळे साहेबांकडं बघू लागले.

"मग गोल्फमध्ये रीत आहे," मॅडम म्हणाल्या. "ज्याचा बॉल लागला, त्यानं जाऊन माफी मागायची. ती मागा, आणि फाटकं उघडी ठेवा. मेंढ्यांनी वाट मागितली ती तुमच्याच फलकावरची होती."

"मेंढ्याची माफी?" साहेबांचा आवाज चिरकला. "मी?"

मॅडम गेल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर दोन्ही फाटकं सताड उघडी! आमचा आनंद माळावर मावेना. पण फलकावर खाली नव्या रंगात एक नियम वाढला होता. मेंढ्यांना सकाळ-संध्याकाळ प्रवेश. एडक्यास सक्त मनाई.

बंकटनं वजीरची शिंगं धरून त्याला बाहेर थांबवलं. आम्ही मेंढरांना हाकललं. एक आत जाईना! फाटक उघडं, पलीकडं पाणी दिसतंय, आणि दोनशे मेंढरं वजीरच्या मागं तोंड लपवून उभी. ओढलं, ढकललं, केशरकाकूंनी कोकरू कडेवर घेऊन आत नेऊन दाखवलं. ते कोकरू उडी मारून परत वजीरजवळ. शेवटी पुन्हा डांबरी रस्ता, पुन्हा ट्रक.

साहेब म्हणतात, "मी शब्द पाळला. वाट दिली. तुमच्या मेंढ्याच जात नाहीत, त्याला मी काय करू?"

साहेब, ही तुमची हुशारी तलवाड्यापासून चकलांब्यापर्यंत सगळ्यांना कळली आहे. अण्णांनासुद्धा कळली, म्हणजे बघा! मेंढरं पुढाऱ्याशिवाय हलत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि त्याच्यावरच तुम्ही बंदी घातली. का? तर तो समोर आला, की माफी मागावी लागेल म्हणून!

तुमच्या तोंडावर हात ठेवला, त्याची माफी मागायला मी तयार आहे. कालच मागितली असती. पण रांगेनं. आधी बॉल लागला, मग लोक पळाले, मग बाकीचं. म्हणून आधी तुम्ही वजीरची मागा, मग मी तुमची मागतो. हां, हात आधी पडला आणि बॉल नंतर लागला, असं साखराबाईचं म्हणणं आहे. पण ती तिथं नव्हती.

वजीरशी मी बोललो आहे. त्याच्या शिंगावर हात ठेवून विचारलं, झालं गेलं विसरशील का? तो रवंथ करत राहिला, म्हणजे त्याची काही हरकत नाही. तो रोज सकाळी मेंढरं मागं घेऊन तुमच्या उघड्या फाटकाशी येतो आणि वाट बघत उभा राहतो.

तुम्ही कधी येता, साहेब? उत्तर द्या!